वरचा मजला

मारुंजीस राहावयास आलों तेव्हां वाटलें होतें, येथें तरी शांत झोंप लागेल. परंतु हिंजवडीच्या कचेरींतून परतणाऱ्या आमच्या वरच्या बिऱ्हाडाचा दिवस रात्रीं अकराला उजाडतो! खुर्च्या फरफटतात, मूल धांवतें. 2000 सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणें निवासी भागांत रात्रीं दहापासून सकाळीं सहापर्यंत 45 डेसिबलांची मर्यादा आहे. तो आंकडा तोंडपाठ करून मी एके रात्रीं जिना चढलों.

दार बाईंनीं उघडलें. म्हणाल्या, "काका, याचे बाबा आत्तांच आले. लेकराला तेवढाच त्यांचा सहवास." आंकडा माझ्या ओठांवरच राहिला. खुर्च्यांच्या पायांना रबरी टोपणें बसवा, सतरंजी अंथरा, म्हणजे स्लॅबमधून हादरे कमी उतरतील, एवढेंच सांगून मी परतलों. त्यांनीं तसें केलेंहि.

दुसरे दिवशीं जिन्यांत खालच्या मजल्यावरचे आजोबा भेटले. "पहांटे पांचाला आपला खलबत्ता फार वाजतो हो!" मी ओशाळलों. आपल्या पायांखालची फरशी हें कोणाचें तरी छत असतें, हें मला वर जातांना सुचलें नव्हतें. आतां आमचा खलबत्ता दुमडलेल्या घोंगडीवर बसतो, आणि सहानंतरच वाजतो.