टोपण

गेल्या महिन्यात ऑफिसातल्या एका मुलाच्या गाडीतून मुलुंडला येत होतो. ऐरोलीच्या पुलावर त्यानं प्रल्हाद शिंदे लावले. विठ्ठलाचं गाणं. "सर, कसला रॉ आवाज आहे ना!" मी "हं" केलं आणि उतरेपर्यंत गप्प बसलो. पोराची चूक काहीच नव्हती. तरी मला राग आला, आणि तो अजून गेलेला नाही.

नायगावची चाळ, वडील गिरणीत, 1982 चा संप, मग वडील वॉचमन. तेव्हाच्या निम्म्या गिरणगावाची हीच गोष्ट, त्यामुळे लांबवत नाही. आषाढीला मंडपवाला आमच्या गॅलरीसमोरच्या खांबाला भोंगा बांधायचा. 14 एप्रिलला पुन्हा तोच भोंगा, त्याच खांबाला. आषाढीला प्रल्हाद शिंद्यांचा विठ्ठल, एप्रिलमध्ये त्यांचीच भीमगीतं. त्यांचा आवाज चढा. वरच्या सुराला भोंग्याचा पत्रा थरथरायचा, आणि ती थरथर मला गाण्यातलीच वाटायची.

नववीत शाळेत गायनाची स्पर्धा होती. मी अर्थातच त्यांचं गाणं घेतलं. पेटीवाल्या सरांना म्हटलं, काळी चार द्या. ते हसले, पण दिली. परीक्षक बाई बाहेरून आल्या होत्या, रेडिओवर गायच्या म्हणे. धृपद झालं, पहिला अंतरा निम्मा झाला आणि बाईंनी पेनाला टोपण लावलं. मी बघत होतो. काळं पेन, सोनेरी क्लिप. टोपण लावून त्यांनी पेन कागदावर आडवं ठेवलं आणि शेजारच्या बाईंशी बोलायला लागल्या. माझे दोन अंतरे बाकी होते. ते मी त्या टोपणाकडे बघत म्हटले. सूर एकदाही हलला नाही, हे मी आजही छातीवर हात ठेवून सांगतो.

नंतर त्यांनी मला जवळ बोलावलं. "आवाज चांगला आहे हो तुझा. पण ही गाणी पानपट्टीवर लागतात. विठ्ठलाचंच म्हणायचं तर भीमसेनांचं म्हणावं." आवाज अगदी मायेचा होता. ओरडल्या असत्या तर मी केव्हाच विसरलो असतो. वडील मागच्या रांगेत उभे होते, ड्यूटी बदलून आलेले. त्यांनाही हे ऐकू गेलं असणार.

विठ्ठल तोच, पंढरपूर तेच. मग कुठला आवाज देवळातला आणि कुठला पानपट्टीवरचा, हे ठरवलं कुणी? मला तर वाटतं, शाळेच्या स्पर्धेत परीक्षकाला गाण्याचे शब्दच ऐकू येऊ नयेत, नुसता सूर ऐकू यावा.

पण तेव्हा हे सुचलं नाही. तेव्हा लाज वाटली. आधी भावगीतं, मग संतवाणी, मग कॉलेजातल्या मित्रांबरोबर पुण्याला सवाई. रमणबागेत रात्रभर थंडीत शाल पांघरून बसायचं आणि शेजारचा मान डोलावतो ते बघून आपली डोलवायची. 1992 च्या जानेवारीत कुमार गंधर्व गेले, तेव्हा "रात्रभर झोप आली नाही" असं मी चारचौघांत सांगितलं. खरं म्हणजे तोवर त्यांची एकच कॅसेट ऐकली होती, तीही अर्धी. चाळीतल्या भोंग्याला मी तेव्हा "गोंगाट" म्हणायला लागलो होतो. वडिलांसमोरसुद्धा.

आता तीच गाणी रॉ झाली. तेव्हा खाली होती, आता इतकी वर गेली की एसी गाडीत चालतात. आणि त्या भानगडीत मी माझं गाणं टाकून बसलो.

त्या रात्री घरी येऊन हेडफोन लावले. म्हटलं, आज पोटभर ऐकू. तर आतलं काहीच हललं नाही! पट्टी केवढी उंच, दम केवढा, शब्द किती स्वच्छ, असे गुण देत बसलो. कोरस कर्कश वाटला. पत्र्याची थरथर तर नव्हतीच. पहिल्या अंतऱ्यापाशी बोट आपोआप मोबाईलवर गेलं. मागं घेतलं आणि गाणं हट्टानं शेवटपर्यंत ऐकलं.

मग कुमारजींची निर्गुणी भजनं लावली. भपक्यासाठी धरलेला हा आवाज कधी माझा झाला, मला पत्ता नाही. क्षयानं पोखरलेल्या फुप्फुसातून आलेले ते आखूड, तोडलेले स्वर ऐकले की मी अजूनही जिथे असेन तिथे थांबतो. त्या बाई नसत्या तर ते मला भेटले असते का? असते, कदाचित. मान उगाच त्यांना कशाला द्यायचा?

बायकोनं विचारलं, "मघाशी दुसरंच काहीतरी लागलं होतं ना? तुझे बाबा दाढी करताना म्हणायचे, ते?"

दाढी करताना म्हणायचे, हे मला माहीतच नव्हतं.