झाकण उघडून दाखवा

लखनौच्या लाटूश रोडवरच्या दुकानदाराला जुन्या गिअरबॉक्सचं झाकण उघडून दाखवायला सांगितलं की त्याचा चेहरा पडतो. तो चिडत नाही, आवाज चढवत नाही. स्टूल पुढे करतो, पोऱ्याला चहा आणायला पिटाळतो आणि म्हणतो, "चलती गाड़ी से उतरा है, साहब. हमारी ज़बान है." त्याच्या लेखी बोलणं तिथे संपतं. माझ्या लेखी ते तिथे सुरू होतं. गेले कित्येक दिवस ते बंद झाकण माझ्या डोक्यातून जात नाही, म्हणून या वेळचा मजकूर त्यावरच.

माझी गाडी वाचकांच्या ओळखीची आहे. पांढरी कॉन्टेसा, इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन. तिचा तिसरा गिअर सुटायला लागलाय. रायबरेली रोडवर सिग्नल दिसला आणि अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला, की लिव्हर खाडकन न्यूट्रलला येतो. दुरुस्तीसाठी लागणारी दातेरी चाकं आणि स्लीव्ह नवी मिळत नाहीत, कारण हिंदुस्तान मोटर्सने ही गाडी २००२मध्येच बंद केली. तेव्हा पूर्ण गिअरबॉक्सच शोधायचा, असं ठरलं.

आपल्याकडे हौशी मंडळी कॉन्टेसाला देशी मसल कार म्हणतात आणि मला ते मनापासून पटतं. मुळात ही ब्रिटनच्या व्हॉक्सहॉल कंपनीची १९७२ सालची व्हिक्टर. १९८४पासून ती बंगालमध्ये उत्तरपाड्याला बनू लागली. लांब बॉनेट, चार गोल दिवे, मागच्या चाकांवर उचललेली कंबर. सुरुवातीला मात्र या देहात अ‍ॅम्बेसडरचं १४८९ सीसीचं इंजिन होतं, पन्नासेक अश्वशक्तीचं, आणि चार गिअर. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस इसुझूचं इंजिन आणि पाच गिअर आले, तेव्हा कुठे रूपाला साजेसा जोर आला. ज्यांनी फक्त जुनी पंधराशेवाली चालवली आणि कॉन्टेसाला नावं ठेवली, त्यांनी ही गाडी चालवलेलीच नाही असं मी समजतो.

गिअरबॉक्स लखनौत मिळेल असं वाटायला कारण होतं. हे राजधानीचं शहर. सरकारी खात्यांतून लिलावात निघालेल्या अ‍ॅम्बेसडर इथल्या भंगारवाल्यांकडे वर्षानुवर्षं येत राहिल्या, आणि त्यांतल्या १८०० आयएसझेड मॉडेलला हेच इसुझू इंजिन आणि पाच गिअर होते. त्यामुळे कॉन्टेसाची शोधयात्रा अ‍ॅम्बेसडरच्या ढिगाऱ्यातून सुरू होते. लाटूश रोडचं कागदोपत्री नाव गौतम बुद्ध मार्ग, पण स्पेअर पार्ट घ्यायला कुणी त्या नावाने जात नाही.

आता झाकणाकडे. माझा पिंड कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरचा, आणि तिथे बंद गिअरबॉक्स विकणं ही कल्पनाच कुणाला सुचत नाही. तुम्ही विचारायच्या आत कारागीर पाना लावतो. चार बोल्ट काढतो, झाकण बाजूला ठेवतो, बोट आत घालून तेल काढतो आणि ते बोट तुमच्या नाकाखाली धरतो. "वास घ्या. जळलंय का? नाय ना?" मग किंमत. एखादा दाता झिजलेला निघाला तर तो लपवत नाही, कारण शेजारच्या गाळ्यात लेथ आहे, पलीकडे गिअर कापणारा आहे, त्याच्या पलीकडे उष्णतोपचार करणारा आहे. उसाच्या पट्ट्यातल्या पंपांनी, ऑइल इंजिनांनी आणि ओतकामाने वाढलेली ही वस्ती. मोडलेल्या वस्तूची तिथे कुणाला लाज वाटत नाही, कारण मोडलेली वस्तू म्हणजे उद्याचं काम. कोल्हापूरच्या राजाराम महाराजांची मेबॅक मोटार अजून दसऱ्याला बाहेर येते, ती अशाच गावात येऊ शकते. उद्यमनगरात लहानपणी मी उघडी इंजिनं इतकी पाहिली, की बंद लोखंडावर विश्वास कसा ठेवायचा हे मला कुणी शिकवलंच नाही.

लखनौचा बाजार वेगळ्या पायावर उभा आहे. इथे विकणारा आणि दुरुस्त करणारा एक नसतो. दुकान लाटूश रोडला, मिस्त्री तेलीबागेत किंवा ट्रान्सपोर्ट नगरात. दुकानात पाने असतात ते माल बांधायला आणि सोडायला. लेथ नाही, पॅकिंग कापणारा नाही. झाकण उघडलं की जुनं पॅकिंग फाटतं. तुम्ही माल घेतला नाहीत, तर पुढच्या गिऱ्हाइकाला फाटलेलं पॅकिंग दिसतं आणि तो विचारतो, हा कुणी उघडला आणि का सोडून गेला? उघडलेल्या मालाची किंमत उतरते, आतला ऐवज उत्तम असला तरी. आणि खरं सांगायचं तर आत काय आहे हे दुकानदारालाही ठाऊक नसतं. त्याने लिलावातून अख्खी गाडी उचललेली असते. त्याच्याजवळ विकायला दोनच गोष्टी असतात, एक न उघडलेली पेटी आणि एक शब्द. शब्द तो पाळतोही. आठवड्यात गिअरबॉक्स ओरडला तर परत घेतो, दुसरा देतो, तोंड वाकडं न करता. हे मी पाहिलंय आणि त्याचं मोल मला कळतं. तरीही एवढं जड धूड ई-रिक्षात घालून, गाडीखाली झोपून, बसवून, पुन्हा उतरवून परत नेण्यापेक्षा चार बोल्ट आधी सोडणं मला शहाणपणाचं वाटतं. उद्यमनगरची पद्धत सरस आहे.

तोडगा काढला तो तेलीबागच्या मिस्त्रींनी. छावणी जवळ असल्यामुळे आमच्या भागात निवृत्त फौजी पुष्कळ. हे ईएमईमधले, म्हणजे लष्कराच्या यंत्रदुरुस्ती दलातले हवालदार. सगळे त्यांना हवलदार साहब म्हणतात, मीही. "भाई साहब, ढक्कन छोड़िए," ते म्हणाले. "ड्रेन प्लग तो खुलवा सकते हैं." खालचा प्लग काढायला पॅकिंग फाटत नाही, दुकानदाराचा मान राहतो, आणि आतली बातमी बाहेर येते. हे एकदा कळल्यावर मी त्यांच्याकडून बाकीची परीक्षाही शिकून घेतली. जुना गिअरबॉक्स घेणाऱ्या प्रत्येकाला ती उपयोगी पडेल म्हणून नीट सांगतो, मग ती जीप असो, पद्मिनी असो की कॉन्टेसा.

प्लगच्या भोकात बोट फिरवून उन्हात धरा. तेलात सोनेरी चमक दिसली तर घाबरू नका, ती सिंक्रोच्या पितळी रिंगांची झीज आहे आणि थोडी असायचीच. पण लोखंडी कीस किंवा टोकदार कपची लागली तर पेटी तिथेच सोडा, दाता गेलाय. प्लग कोरडा आणि घासून पुसून चकचकीत असेल तर जास्त जपून राहा. मग पुढचा शाफ्ट, ज्यावर क्लच प्लेट बसते, तो धरून वर-खाली हलवा. किंचित हालचाल चालते, कारण त्याचं पुढचं टोक इंजिनातल्या बुशमध्ये आधार घेतं. खडखडाट चालत नाही. शाफ्टवरच्या खाचा मोजा आणि तुमची क्लच प्लेट सोबत नेऊन प्रत्यक्ष चढवून पाहा. बेल हाउसिंगचे कान, म्हणजे बोल्टची भोकं असतात ते, बोटाने चाचपा. ते अ‍ॅल्युमिनियमचे असतात, तडे वेल्डिंगने भरून रंग मारलेले सापडतात.

यानंतरची कसोटी मला सगळ्यांत आवडली. हवलदार साहेबांनी दुकानाच्या पायरीवर पेटी आडवी ठेवली, पुढच्या आणि मागच्या शाफ्टवर खडूने एकेक रेघ ओढली आणि पहिला गिअर टाकला. पुढचा शाफ्ट हाताने फिरवत राहिले, ओठ हलत होते. तो साडेतीन फेऱ्यांच्या पुढे गेला तेव्हा मागचा एकदा फिरला. मग दुसरा, तिसरा. चौथ्याला दोन्ही रेघा बरोबरीने फिरल्या, आणि पाचव्याला मागची पुढे गेली. प्रत्येक गिअरला ते डोळे मिटून थांबत, कारण हाताला जाणवणारा एकच अडखळा म्हणजे एक झिजलेला दाता. तिसऱ्याला त्यांनी पुढचा शाफ्ट उलटही फिरवला. गाडीत पाय उचलल्यावर जोर उलटा येतो आणि सुटणारा गिअर तेव्हाच सुटतो. सुटला नाही. दुकानदार खाली उतरून शेजारी येऊन बसला होता. शेवटी त्यानेच विचारलं, "ये आपने कहाँ सीखा?"

गाडीत बसवलेला गिअरबॉक्स तपासायचा असेल तर कान पुरतो. न्यूट्रलला घरघर येते आणि क्लच दाबला की थांबते, तर पुढच्या शाफ्टचं बेअरिंग. पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्यात रडतो आणि चौथ्यात शांत होतो, तर दोष खालच्या शाफ्टच्या बेअरिंगांचा. चौथ्यात, ज्याला जुने ड्रायव्हर टॉप म्हणतात, ताकद सरळ आरपार जाते आणि खालच्या शाफ्टवर भार येत नाही. तेल घालताना डब्यावर जीएल-४ लिहिलंय ना, एवढं पाहा. जीएल-५ महाग म्हणून चांगलं, असं समजून पुष्कळ जण तेच ओततात. त्यातली काही रसायनं पितळी रिंगांना खातात.

अमेरिकेत हे काम बरंच सोपं आहे. तिथे १९६४च्या पॉन्टिअ‍ॅक जीटीओसारख्या गाड्यांच्या मन्सी गिअरबॉक्सची कुळं छापील मिळतात. १९६६नंतरच्या पेटीत पुढच्या शाफ्टवर दोन वळ्या असतील तर एम-२०, एक असेल तर एम-२१, एकही नसेल तर सगळ्यांत दणकट एम-२२. आपल्याकडे ही विद्या हवलदार साहेबांसारख्यांच्या बोटांत आहे, आणि ती कुणीतरी लिहून ठेवायला हवी असं मला तळमळून वाटतं.

एक गोष्ट कागदाची. आरसी बुकात इंजिन नंबर असतो, चासी नंबर असतो, गिअरबॉक्सचा नसतो. म्हणून चोरीच्या गाडीतून निघालेला गिअरबॉक्स ओळखू येत नाही. मेरठचं सोतीगंज अशाच मालासाठी बदनाम होतं आणि डिसेंबर २०२१मध्ये पोलिसांनी तो बाजार बंद पाडला. स्वस्तात मिळालेल्या पेटीपायी कुणाची तरी गाडी कापली गेली असेल, तर ती आपल्या गाडीत बसवायची नाही. लिलावाची पावती मागा. आमच्या दुकानदाराने ती मागितल्याबरोबर गल्ल्याखालून काढली, आणि बिलावर हाउसिंगवरचा ओतीव नंबर स्वतःच्या हाताने लिहून दिला.

गिअरबॉक्स घेतला. स्पीडोमीटरचा पिनियन आमच्या जुन्या पेटीतलाच यात घालायचा, कारण तो मागच्या अ‍ॅक्सलच्या प्रमाणाप्रमाणे ठरतो; नाहीतर काटा खोटं बोलतो. प्रोपेलर शाफ्टचा पुढचा योक मात्र झिजलाय, आणि तसा कुठे मिळाला नाही. दिवाळीला घरी जाताना तो बॅगेत घालून उद्यमनगरात नेणार आहे. पुण्याच्या जुन्या बाजारात किंवा कुर्ल्याच्या सीएसटी रोडला कुणा वाचकाला कॉन्टेसा १.८चा चांगला योक दिसला, तर तोवर जरूर कळवा. खाचा मोजून कळवा.