भिवंडीहून बर्फाकडे

भिवंडीच्या गोदामांतून देशभर ट्रक जातात. घरात हिवाळ्यातल्या कश्मीरचा विषय निघाला तेव्हा आम्ही आधी ओळखीच्या ट्रकचालकांना विचारले. त्यांनी अंतराऐवजी धुक्याचीच गोष्ट केली. डिसेंबर-जानेवारीत हरियाणा-पंजाबात पहाटे पुढच्या गाडीचा लाल दिवाही दिसत नाही. सकाळी दहाच्या आत निघू नका आणि अंधार पडायच्या आत मुक्काम गाठा. म्हणजे हाती सहा-सात तास. श्रीनगर दोन हजार किलोमीटरच्या पुढे. नुसते जायलाच पाच-सहा दिवस, आणि आमच्याकडे नाताळची सुट्टी आणि रजा मिळून दहा.

शिवाय अब्बा. हट्ट मुळात त्यांचाच. उभी हयात यंत्रमागावर गेली, कापसाच्या तुसाने छाती धरली. आता जिना चढताना मध्ये थांबावे लागते. बर्फ एकदा हातात घेऊ द्या, मग खुशाल परत आणा, म्हणतात. डॉक्टरांनी ना होकार दिला ना नकार. पंप जवळ ठेवा, नाक-तोंड मफलरने झाका, फार उंचावर नेऊ नका, एवढेच.

म्हणून आता जम्मूपर्यंत रेल्वे, पुढे तिथलीच गाडी आणि तिथलाच चालक. मुलांचे तोंड उतरले. पण खरा रस्ता जम्मूनंतरच सुरू होतो. चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरहून लांब बोगदा २०१७ मध्ये खुला झाला, बनिहाल-काझीगुंडचा साधारण साडेआठ किलोमीटरचा २०२१ मध्ये. त्याआधी सगळी मदार १९५६ च्या जवाहर बोगद्यावर होती आणि बर्फ पडला की गाड्या अडकून पडत. आजही रामबनकडे दरड कोसळली की महामार्ग बंद होतो. वाहतूक पोलीस दुसऱ्या दिवसाची सूचना आदल्या दिवशी काढतात. ती पाहिल्याशिवाय निघायचे नाही. परतीच्या तिकिटाआधी दोन दिवस मोकळे ठेवले आहेत. अगदीच अडलो तर जून २०२५ पासून श्रीनगर-कटरा रेल्वे आहेच.

२१ डिसेंबरपासून चाळीस दिवस तिकडे ‘चिल्लई कलां’, सर्वांत कडक थंडी. आमची सुट्टी नेमकी त्यातच येते. सोनमर्गला नव्या बोगद्यामुळे हिवाळ्यातही जाता येते, पण ते आणि गुलमर्ग दोन्ही अब्बांसाठी उंच. श्रीनगर साधारण सोळाशे मीटरवर, तिथे बर्फ पडेलच असे नाही. आम्ही टंगमर्ग धरले आहे. गुलमर्गच्या पायथ्याचे हे गाव. बर्फ मिळण्याची आशा बरी, चढ कमी. मुलांना पुढे गुलमर्गला आमच्यापैकी एक जण नेईल.

आम्हाला थंडीपेक्षा खोलीची धास्ती जास्त आहे. दारे-खिडक्या घट्ट लावून आत कोळसा किंवा गॅसचा हीटर पेटता ठेवला की विषारी वायू साचतो. त्याला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. दर हिवाळ्यात अशा बातम्या येतात. अब्बांच्या छातीला तर कांगडीचा धूरही नको. म्हणून हॉटेलवाल्यांना फोनवर पहिला प्रश्न: विजेचे ब्लँकेट आहे का? दुसरा: खिडकी उघडते का? दुसऱ्या प्रश्नाला एक जण हसला. ते हॉटेल आम्ही यादीतून काढले.

नमाजची मात्र चिंता नाही. तिथल्या बऱ्याच मशिदींत हमाम असतो. दगडी फरशीखाली लाकडे पेटवून खोली ऊबदार ठेवतात, वुजूला गरम पाणी मिळते. अब्बांनी हे ऐकल्यापासून तिथेच बसून राहायचा बेत केला आहे. आणखी एक: बाहेरचे प्रीपेड सिमकार्ड तिकडे चालत नाही. घरातला एक तरी फोन पोस्टपेड करून घ्या, आणि आठवडाभर आधी, स्टेशनवर पोहोचल्यावर नव्हे.

तिकिटे अजून काढलेली नाहीत. महिन्याभराने डॉक्टर पुन्हा छाती तपासणार आहेत, मग ठरेल. अब्बांनी मात्र रोज संध्याकाळी वऱ्हाळा तलावाकडे चालायला जाणे सुरू केले आहे. काल अर्ध्या वाटेवर बसले, पाणी प्यायले आणि उरलेली वाट पुरी केली.