साखरप्याचा मुक्काम

कागल पंचतारांकित एमआयडीसीतून रात्रपाळी करून निघालो, ते बांबवडे, मलकापूर करत आज आंबा घाट उतरलो. गणपतीपुळ्याला पायी. चढापेक्षा उतारच गुडघ्यांना जड गेला. डाव्या टाचेचा फोड फुटलाय. पण खाली येताच हवा दमट झाली, रस्त्याकडेला तांबडा जांभा दिसू लागला आणि एरवी भट्टीच्या आवाजात ओरडून बोलणारे आम्ही मुकाट चालू लागलो.

पुळ्याचा गणपती पश्चिमेला, समुद्राकडे तोंड करून आहे. प्रदक्षिणा मात्र अख्ख्या डोंगराला घालायची. हे मला फार आवडतं! एवढं चालून आलेल्याला देव आणखी किलोमीटरभर चालवतो.

उद्या पाली. मग हातखंबा, निवळी फाटा, जाकादेवी. फोडावर हळद लावलीय.