बी-फोर ए-थ्री

सांगली-मिरज रस्त्यावर विश्रामबागेत विलिंग्डन महाविद्यालय आणि वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालय इतकी जवळ आहेत, की गणिताचा तास विलिंग्डनला करून विजेच्या तासाला वालचंदला जाता यावं. १९८२ साली तशी सोय नव्हती. गणित आवडत असेल तर बीएस्सी, मग एमएस्सी, मग प्राध्यापकी. गुण चांगले पडले असतील तर इंजिनिअरिंग. बारावीच्या निकालानंतर आमच्या मिरजेच्या घरात याच दोन वाटांवर बोलणं चालायचं. मला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही एकत्र शिकवणारी जागा माझ्या माहितीत एकच होती: राजस्थानातलं पिलानी.

तिथे तेव्हा प्रवेशपरीक्षा नव्हती. निरनिराळ्या बोर्डांचे बारावीचे गुण एका मापावर आणून यादी लागायची. प्रवेश घ्यायचा एमएस्सी गणिताला. पहिलं वर्ष सगळ्यांबरोबर, त्यात ड्रॉइंग आणि वर्कशॉपही आलं. त्या वर्षीच्या कामगिरीवर इंजिनिअरिंगची शाखा मिळायची, आणि पाच वर्षांनी हातात दोन पदव्या: गणितातली एमएस्सी आणि इलेक्ट्रिकल-इलेक्ट्रॉनिक्समधली बी.ई. दादांना, म्हणजे माझ्या वडिलांना, हे समजावून सांगताना मी कागदावर दोन रेघा काढल्या होत्या. ते म्हणाले, "दोन पदव्या कशाला? एक नीट कर." तरी पुण्यापर्यंत सोडायला तेच आले. पुण्याहून झेलम एक्स्प्रेसने दिल्ली, तिथून दोनेकशे किलोमीटर बस, आणि शेवटच्या टप्प्यात बाजरीची शेतं, शमीची झाडं, वाळू.

आज माझी भाची हीच जोडी गोव्यात शिकते आहे. पिलानीच्या संस्थेचं गोव्यातलं आवार २००४ साली झुआरीनगरला सुरू झालं. भाची मिरजेत गोवा एक्स्प्रेसमध्ये बसते आणि वास्कोला उतरते. प्रवेश संगणकावरच्या परीक्षेतून मिळाला. तिच्या ओळखक्रमांकात 'बी-फोर ए-थ्री' ही अक्षरं आहेत. बी-फोर म्हणजे गणित, ए-थ्री म्हणजे इलेक्ट्रिकल. तिथली मुलं एकमेकांना याच अक्षरांनी ओळखतात. गेली काही वर्षं तिच्याशी बोलताना मला माझा अभ्यास पुन्हा दिसतो आहे, आणि त्याची तिच्या अभ्यासाशी तुलना केल्यावाचून राहवत नाही.

आमचा दिवस दोन तुकड्यांत विभागलेला असे. सकाळी वर्गात रुडिनचं विश्लेषण नाहीतर हर्स्टाइनचं बीजगणित, दुपारी मशीन लॅब. वह्याही दोन. एकीत काल्पनिक एककाला आय लिहायचं, दुसरीत जे, कारण तिथे आय हे अक्षर विद्युतप्रवाहाने आधीच घेतलेलं. मीरा भवन या मुलींच्या वसतिगृहातून निघताना मी वेणी अंबाड्यात घट्ट बांधून घ्यायची आणि ओढणी खोलीत ठेवून जायची, कारण दुपारी फिरत्या यंत्रांजवळ उभं राहायचं असे. डीसी मोटरच्या स्टार्टरचं हँडल एकेक टप्पा पुढे सरकवताना मोटरचा आवाज चढत जायचा. कानांना तो इतका सवयीचा झाला, की हात कुठल्या टप्प्यावर आहे ते न बघता कळे.

तिथला एक प्रयोग मला अजून जसाच्या तसा आठवतो. तीन फेजची वीज मोजायला दोनच वॉटमीटर पुरतात. तिसरं का लागत नाही, हे सरांनी फळ्यावर एका ओळीत दाखवलं: तिन्ही तारांतल्या प्रवाहांची बेरीज शून्य, म्हणून तिसरा प्रवाह पहिल्या दोघांनी ठरवूनच टाकलेला असतो. त्याच आठवड्यात सकाळच्या तासाला आम्ही सदिश अवकाश शिकत होतो. तीन सदिशांची बेरीज शून्य असेल तर ते परस्परांवर अवलंबून असतात, मिती दोनच राहते. सकाळी जे सिद्ध केलं होतं ते दुपारी टेबलावर तारांनी जोडून ठेवलेलं होतं. मग लोड न लावता इंडक्शन मोटर चालू केली, आणि दुसऱ्या वॉटमीटरचा काटा शून्याच्या डावीकडे जाऊन टेकला. व्होल्टेज आणि प्रवाह यांमधला कोन ६० अंशांपलीकडे गेला की त्या वॉटमीटरच्या वाट्याला नव्वदहून मोठ्या कोनाचा कोसाइन येतो, आणि तो उणे असतो. अशा वेळी जोडणी उलटी करायची, आकडा वाचायचा आणि वहीत त्याच्यामागे उणे चिन्ह लिहायचं. नव्वदहून मोठ्या कोनाचा कोसाइन उणे असतो, हे मला शाळेपासून ठाऊक होतं. तो एका काट्याला ढकलू शकतो हे त्या दुपारी पाहिलं, आणि घरच्यांना न पटलेली ही जोडी आपण बरोबर निवडली याची माझी खात्री झाली.

पण अशा भेटी क्वचित घडत. बहुतेकदा एका विषयातली गोष्ट दुसऱ्या विषयात उगवायला एखादं सत्र, कधी एखादं वर्ष लागे. कॉम्प्लेक्स ॲनालिसिसमध्ये आम्ही कोशीच्या घराण्यातला एक सिद्धान्त शिकलो होतो: फलाची प्रतिमा शून्याभोवती किती फेऱ्या घालते, त्यावरून बंद वक्राच्या आत शून्यं आणि ध्रुव यांच्या संख्येत किती फरक आहे ते कळतं. परीक्षेपुरता तो पाठ होता. पुढच्या वर्षी नागरथ-गोपाल यांच्या पुस्तकातून कंट्रोल सिस्टिम शिकताना नायक्विस्टचा निकष आला. हॅरी नायक्विस्टने तो १९३२ साली मांडला. आलेखाने उणे एक या बिंदूभोवती किती फेऱ्या घातल्या ते मोजायचं आणि यंत्रणा स्थिर राहील की भरकटेल ते सांगायचं. एका वक्रासाठी पूर्ण संध्याकाळ जाई. प्रत्येक वारंवारतेला कॅल्क्युलेटरवर परिमाण काढायचं, कोन काढायचा, तक्ता भरायचा, बिंदू मांडायचे, मग हलक्या हाताने पेन्सिल फिरवायची. अशाच एका संध्याकाळी पेन्सिल उणे एकाला वळसा घालत असताना गेल्या वर्षीचा तो सिद्धान्त समोर येऊन उभा राहिला. हा तोच होता! मी जुनी वही काढली, दोन्ही पानं शेजारी ठेवली आणि खोलीतल्या मैत्रिणीला उठवून दाखवली. ती रसायनशास्त्राची होती, पण तिनेही पूर्ण ऐकून घेतलं.

भाचीकडे ही भेट त्याच तासात होते. ती लॅपटॉपवर ट्रान्सफर फंक्शन लिहिते आणि वक्र समोर येतो. पडद्यावरची पट्टी सरकवून गेन वाढवला की वक्र फुगत जातो, उणे एकाला ओलांडतो, आणि त्याच क्षणी शेजारच्या चौकटीत मोटरचा वेग हेलकावे घ्यायला लागतो. आम्ही एका संध्याकाळी एक वक्र पाहिला, ती तेवढ्या वेळात शेकडो पाहते. कुठल्या जातीची यंत्रणा कधी बिघडते, याची तिची नजर तिच्या वयाच्या माझ्यापेक्षा पक्की आहे, हे मी आनंदाने मान्य करते. पट्टी सरकवून येणारी समज कमी प्रतीची, असं म्हणणारे माझ्या पिढीत बरेच आहेत. मला ते पटत नाही. पण हाताने काढलेला वक्र गेल्याचं मला मनापासून वाईट वाटतं. बिंदू मांडत असताना वक्र कुठे वळणार ते बोटांना आधी कळायचं आणि का वळणार ते मागून डोक्याला. दिवाळीच्या सुट्टीत मी भाचीला आलेखाचा कागद देऊन एक वक्र काढायला लावला. तिने कंटाळा न करता काढला, आणि कमी वारंवारतेच्या टोकाला वक्र अक्षाला न चिकटता एका उभ्या रेषेकडे का झुकतो, हे पडद्यावर कधी लक्षातच आलं नव्हतं, असं स्वतःहून म्हणाली.

गणित आणि वीज एका डोक्यात नांदली की काय होतं, याचं सर्वांत मोठं उदाहरण क्लॉड शॅनन. त्याने १९३६ साली मिशिगन विद्यापीठातून दोन पदव्या घेतल्या: एक इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची, दुसरी गणिताची. पुढच्याच वर्षी एमआयटीतल्या प्रबंधात त्याने दाखवून दिलं, की रिलेच्या उघडझापीला जॉर्ज बूलचं एकोणिसाव्या शतकातलं तर्कबीजगणित तंतोतंत लागू पडतं. आजचा प्रत्येक संगणक त्या निरीक्षणावर उभा आहे. मला शॅननचं नाव डिजिटलच्या तासाला कळलं. त्याच्या पदव्या आमच्यासारख्याच होत्या, हे फार उशिरा समजलं. भाचीला ते पहिल्याच वर्षी ठाऊक होतं. आमच्याकडे मात्र आमचा स्वतःचा एक माणूस होता. नोव्हेंबर १९८४ मध्ये नरेंद्र करमरकरांच्या पद्धतीची बातमी न्यूयॉर्क टाइम्सच्या पहिल्या पानावर आली. ग्वाल्हेरला जन्मलेले करमरकर आयआयटी मुंबईतून १९७८ साली इलेक्ट्रिकलची पदवी घेऊन बाहेर पडलेले, आणि बेल लॅब्जमध्ये रेषीय प्रोग्रॅमिंगचं कोडं नव्या वाटेने सोडवणारे. पिलानीतल्या आम्हा मूठभर मराठी मुलामुलींना त्या दिवसांत दुसरा विषय नव्हता. इलेक्ट्रिकलवाला गणितात जाऊन जगाला काही देऊ शकतो, असं मी त्या आठवड्यात दादांना पत्रात लिहिलं.

बीजगणिताची गोष्ट वेगळी. गाल्वा १८३२ साली वयाच्या विसाव्या वर्षी द्वंद्वयुद्धात गेला. त्याची सान्त क्षेत्रं आम्ही शिकलो ती निव्वळ सौंदर्य म्हणून. मशीन लॅबशी त्यांचा काही संबंध असेल असं कुणी म्हणालं नाही, आणि आम्हीही विचारलं नाही. जानेवारी १९८६ मध्ये व्हॉयेजर-२ युरेनसजवळून गेलं. त्याने पाठवलेली चित्रं वाटेतल्या गोंगाटातून शाबूत यावीत म्हणून १९६० सालचं रीड-सॉलोमन संकेतन वापरलं होतं, आणि ते पूर्णपणे याच सान्त क्षेत्रांवर चालतं. मी तेव्हा त्याच क्षेत्रांचे गुणाकाराचे तक्ते वहीत भरत होते, आणि दोन्ही गोष्टी एकच आहेत याची मला कल्पना नव्हती. आज वास्कोच्या मासळीबाजारात पैसे देताना भाची ज्या क्यूआर कोडवर फोन धरते, त्याच्यामागे २५६ घटकांचं गाल्वाचं क्षेत्र असतं. कोड ओला झाला, कोपरा फाटला तरी तो वाचता येतो. सर्वांत मजबूत प्रकारात तर सुमारे ३० टक्के भाग खराब झाला तरी चालतं. तिला हे वर्गात शिकवलं आणि लगेच प्रोग्रॅम लिहायला लावला. तिने स्वतःच्या कोडवर मुद्दाम शाई सांडली आणि हरवलेली अक्षरं परत मिळवली. तिच्या या अनुभवाचा मला हेवा वाटतो.

बाहेरच्या जगाची नजरही बदलली. नोकरीच्या मुलाखतीत एका मोठ्या कारखान्याच्या अधिकाऱ्यांनी मला विचारलं होतं, की इंजिनिअर असताना गणितावर वेळ का घालवलात. त्यांना वाइंडिंग, ट्रान्सफॉर्मर, रिले एवढंच हवं होतं. आज भाचीच्या वरच्या वर्गातल्या मुलांना कंपन्या आधी रेषीय बीजगणित आणि संभाव्यता विचारतात. त्यामुळे काही मुलांना इलेक्ट्रिकलच जड ओझं वाटू लागलं आहे, आणि ते मला खुपतं. विजेचं काम संपलेलं नाही. उलट ते आता जास्त अवघड झालं आहे.

आमच्या लॅबमध्ये कंप पावणाऱ्या पट्ट्यांचा वारंवारतामापक होता. जी पट्टी थरथरेल ती त्या क्षणाची वारंवारता. पन्नासची पट्टी क्वचितच थरथरायची, बहुधा तिच्या खालच्या पट्ट्याच हलत. देशातली विभागीय जाळी तेव्हा वेगवेगळी चालत आणि मागणीपुढे वीज कमी पडे. ३१ डिसेंबर २०१३ रोजी रायचूर-सोलापूर या ७६५ किलोव्होल्टच्या वाहिनीने दक्षिणेचं जाळं उर्वरित देशाला जोडलं गेलं आणि सारा भारत एका तालावर आला. सोलापूर मिरजेपासून काही तासांच्या वाटेवर, त्यामुळे ती बातमी वाचताना मला फार आपलं काही घडल्यासारखं वाटलं. आज वारंवारता ४९.९० ते ५०.०५ हर्ट्झ या अरुंद पट्ट्यात ठेवावी लागते, आणि भाची ती फोनवर हवी तेव्हा बघते.

तिच्या प्रबंधाचा विषय इथूनच निघाला. जनित्राचं जड चाक फिरत असतं, म्हणून अचानक मागणी वाढली तरी वारंवारता एकदम कोसळत नाही. आम्ही त्याचं स्विंग समीकरण शिकलो आणि कागदावर दोन क्षेत्रफळं समान आहेत का ते पाहून एका जनित्राची स्थिरता ठरवली. सौरऊर्जेच्या इन्व्हर्टरमध्ये फिरणारं काहीच नसतं. फिरत्या जनित्रांच्या जागी इन्व्हर्टर येत गेले की जाळ्याचं ते जडत्व कमी होतं. कुठल्या ठिकाणचं जनित्र काढलं तर जाळ्याच्या मॅट्रिक्सची आयगेनमूल्यं किती सरकतात, हे ती काढते आहे. दहा जनित्रं आणि ३९ बस असलेल्या न्यू इंग्लंडच्या प्रसिद्ध नमुना-जाळ्यावर तिचं ते करून झालं आहे. आता तिला तेच महाराष्ट्र, गोवा, गुजरातच्या पश्चिम विभागावर करायचं आहे. त्यासाठी कुठल्या केंद्राचे आकडे कुणाकडे मागायचे, यावर रोज रात्री आमचं फोनवर बोलणं चालतं, आणि मी माझं जुनं पॉवर सिस्टिमचं पुस्तक पुन्हा पहिल्या प्रकरणापासून वाचायला घेतलं आहे.