तवंदीचा चढ आणि क्लचची परीक्षा

निपाणी सोडून बेळगावकडे निघाले की गावाची वस्ती मागे पडते न पडते तोच तवंदीचा घाट सुरू होतो. आपल्या बोलण्यातला हा पी. बी. रोड; सरकारी कागदावर आधी राष्ट्रीय महामार्ग 4 आणि 2010 साली क्रमांक बदलल्यापासून 48. रस्ता चौपदरी झाला, दुभाजक आले, पण डोंगर काही सपाट झाला नाही. स्तवनिधीला दर्शनाला जाणारी कुटुंबे, बाजार करून परतणारे शेतकरी, अर्जुननगरला कॉलेजला येणारी पोरे, सगळ्यांच्या मोटारसायकली या चढावर दिसतात. कुणाची पाटी एमएच-09, कुणाची केए-22, कुणाची केए-23. घाट चढल्यावर कणगला, संकेश्वर, हत्तरगी अशी बरीच सपाटी मिळते आणि बेळगाव आता आलेच असे वाटू लागते तेव्हा वंटमुरीचा दुसरा घाट समोर उभा राहतो. पाऊणशे किलोमीटरच्या या प्रवासात गाडीची खरी तब्येत कळते ती या दोन चढांवर, आणि त्यातही क्लचची.

क्लच घसरायला लागला तरी सपाटीवर महिना महिना पत्ता लागत नाही. गावातल्या गावात दूध, दळण, शाळा एवढे फिरणाऱ्याला तर नाहीच. अ‍ॅव्हरेज थोडे कमी झालेले असते, पण त्याचे खापर आपण पेट्रोलपंपावर फोडतो. मग एक दिवस मागे बायको, टाकीवर मूल आणि हँडलला पिशवी अशा थाटात माणूस तवंदी चढायला लागतो. पुढे उसाचा ट्रॅक्टर. त्याला ओलांडण्यासाठी मूठ पिळावी तर इंजिन ओरडते आणि गाडी आहे तिथेच. मागून ट्रकचा हॉर्न. असला प्रसंग आला की क्लच हा केवळ खर्चाचा विषय उरत नाही.

आपल्याकडे या सगळ्या दुखण्यांना एकच नाव आहे. मराठीत ‘गाडी ओढत नाही’, कन्नडमध्ये ‘गाडी एळ्यांगिल्ल’. पोटात दुखतेय म्हणण्यासारखेच हे. अपेंडिक्स की अपचन, ते पुढे शोधायचे. आणि न शोधताच औषध दिले तर काय होते, ते मी निपाणीत पाहिले.

आमच्या एका विद्यार्थ्याचे वडील कणगल्याच्या बाजूने निपाणीला दूध घालतात. जाताना 40 लिटरचे दोन कॅन, परतताना रिकामे कॅन आणि वर पेंडीचे पोते. शंभर सीसीची जुनी गाडी. घाटात ती दम टाकू लागली तेव्हा एका ठिकाणी त्यांना सांगण्यात आले की इंजिन उतरलेय, बोअर-पिस्टन करावे लागेल. तो आकडा म्हणजे त्यांची दुधाची दोन-तीन बिले. पोरगा शहाणा, त्याने वडिलांना पी. बी. रोडवरच्या एका मेस्त्रीकडे आणले. माझीही गाडी तिथेच होती, म्हणून बाकावर बसून सगळे ऐकायला मिळाले. मेस्त्रीने पाना हातात घेण्याआधी एकच प्रश्न विचारला.

“कक्का, घाट एरुवाग इंजिन आवाज एरतैतेन?”

“हौद री. आवाज एरतैति, गाडी एळ्यांगिल्ल.”

मेस्त्री माझ्याकडे वळून म्हणाला, “सर, इंजिन दमलं असतं तर आवाजच चढला नसता. ताकद हाय की, ती चाकापर्यंत पोचंना.”

निदान म्हणतात ते हेच. इंजिन कमजोर असेल तर मूठ पिळूनही आवाज जड राहतो. ब्रेक चिकटला असेल, चेन फार ताणलेली असेल किंवा हवा कमी असेल तरीही आवाज मोकळा होत नाही. थोडे चालवून उतरल्यावर चाकाचा ड्रम हाताला चटका देत असेल तर आधी ब्रेक बघावा. आवाज वर आणि वेग तिथेच, सोबत करपल्यासारखा वास, अशी लक्षणे असली तर दुखणे क्लचचे. मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये चाळीसच्या वेगाला एकदम मूठ पिळून पाहावी, तिथेही कळते. पण चढासारखा खरे बोलणारा साक्षीदार नाही.

आता ते दुखणे कुठून येते ते पाहू. शंभर-सव्वाशे सीसीच्या आपल्या बहुतेक गाड्यांत क्लच इंजिनच्या ऑइलमध्येच बुडालेला असतो. डब्यात एकावर एक भाकऱ्या रचाव्यात तशा प्लेटा. एक घर्षणाचा थर दिलेली, एक साधी लोखंडी, पुन्हा थराची. स्प्रिंगा या चळतीला घट्ट दाबून धरतात, म्हणून इंजिनाची ताकद चाकाकडे जाते. आपण लिव्हर ओढतो तेव्हा तो दाब सुटतो. म्हणजे लिव्हर पूर्ण सोडलेली असताना केबल थोडी सैल असायलाच हवी. शंभर सीसीच्या गाड्यांत लिव्हरच्या टोकाशी साधारण 10 ते 20 मिलिमीटरची ढील ठेवतात. ती नसेल तर हात न लावताही क्लच किंचित दाबलेलाच राहतो. गंमत अशी, की बऱ्याच गाड्यांत प्लेटा झिजत जातील तशी ही ढील आपोआप कमी होत जाते. वर्षापूर्वी बरोबर लावलेली केबल आज ताठ झालेली असू शकते, कुणी हात न लावताही.

म्हणून पहिले काम चहाच्या पैशात होणारे. लिव्हरजवळची आणि खाली इंजिनजवळची नटे फिरवून ढील परत आणायची. केबल अडकत असेल तर वरून ऑइल सोडायचे, तारा तुटायला लागल्या असतील तर केबलच बदलायची. दुसरा प्रश्न ऑइलचा. कारसाठीच्या काही ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी द्रव्ये असतात. कारला ती चांगली, ऑइलात बुडालेल्या क्लचला ती घसरवतात. मोटारसायकलच्या ऑइलच्या डब्यावर ‘जेएएसओ एमए’ किंवा ‘एमए-2’ अशी खूण असते, ती पाहून घ्यावी. ट्रॅक्टरचे उरलेले ओतून भागवणारे आपल्याकडे कमी नाहीत.

दूधवाल्या काकांच्या गाडीला ढील अजिबात नव्हती. मेस्त्रीने ती लावली आणि गाडी तवंदी चढवून आणायला पोराला पाठवले. पोरगा परत आला तो मान हलवतच. बरेच दिवस घसरून प्लेटांचा थर जळाला होता. उजवीकडचे कव्हर उघडले तेव्हा तो वास सगळ्या दुकानात पसरला. दोन लोखंडी प्लेटांना निळसर झाक आली होती. त्या काचेवर ठेवल्या तर एक चक्क डुलत होती. स्प्रिंगा शेजारी शेजारी उभ्या केल्या, लांबी कमी-जास्त. सगळा संच बदलला. नव्या प्लेटा आधी ऑइलात मुरवल्या (हे न करणारे घाईचे मेस्त्रीही असतात), स्प्रिंगांचे बोल्ट समोरासमोरचे थोडे थोडे करून आवळले, पॅकिंग नवे घातले, शेवटी केबलची ढील पुन्हा लावली. बोअर-पिस्टनला कुणी हात लावला नाही. खर्च एका बिलात बसला.

आमच्या आधीच्या पिढीची जवानी जावा-येझदीवर गेली. म्हैसूरच्या कारखान्यात 1961 पासून 1996 पर्यंत बनलेल्या या गाड्यांत गिअरचा पाय हलला की क्लच आपोआप सुटायचा, आणि प्लेटांना बुचाचे तुकडे बसवलेले असायचे. ती मंडळी अजून भेटली की आजच्या पोरांना क्लच वापरता येत नाही म्हणून तक्रार करतात. तक्रार अगदीच खोटी नाही. दोन बोटे कायम लिव्हरवर टेकवून चालवणे, वाहनांच्या रांगेत हाफ क्लचवर गाडी रेटत राहणे, तिसरा टाकायचा आळस करून चौथ्यातच घाट ओढणे. प्लेटा जळतात त्या यानेच. पेंडीचे पोते काही टाळता येत नाही, पण गिअर वेळेवर खाली टाकता येतो.

मेस्त्रीने काकांना जाताना एवढेच बजावले, की चारपाचशे किलोमीटर झाले की केबल परत दाखवायला या, नव्या प्लेटा बसत जातात तशी ढील बदलते. काकांनी विचारले, कधी येऊ, वार सांगा. मेस्त्री म्हणाला, वार कशाला, दूध घालायला रोज येताच की.