खोक्यावरची बारीक ओळ

जठारपेठ, अकोला

चि. मृण्मयी,


जुन्या जपानी व्हिडिओ गेमच्या खोक्यांवर तू प्रकल्प करते आहेस आणि त्याचं प्रदर्शन मांडणार आहेस, हे तुझ्या आईकडून कळलं. फार आवडलं. चित्रांचा अभ्यास तू करतेच आहेस. पण त्या खोक्यांच्या कडेला हक्क सांगणारी एक बारीक ओळ असते, तिच्याबद्दल लिहावंसं वाटलं. अकोल्यात ते गेम आले, ती ओळ आलीच नाही.

नव्वदच्या दशकात इथल्या पोट्ट्यांच्या हाती आले ते 'लिटिल मास्टर', 'सामुराई' अशा नावांचे सेट. निन्टेन्डोने १५ जुलै १९८३ रोजी जपानात 'फॅमिली कॉम्प्युटर' विक्रीला आणला. लोक त्याला 'फॅमिकॉम' म्हणू लागले, आणि आपल्याकडचे हे सेट म्हणजे त्याच्याच नकला. अमेरिकेतल्या कॅसेटला ७२ पिना असत, जपानी कॅसेटला ६०. आपल्या सेटच्या खाचेत साठवालीच बसायची. कॅसेटची घडण थेट जपानी, पण तिच्याबरोबरचा पुठ्ठ्याचा खोका आणि त्यावरचा मजकूर तिकडेच राहिला.

कॅसेट म्हणजे तळहातावर मावेल असा पिवळा नाहीतर काळा प्लास्टिकचा तुकडा. वर चिकटवलेला चकचकीत कागद, कोपरे थोडे उचकटलेले. त्यावर मारिओ, शेजारी रॅम्बोच्या थाटातला कुणी बंदूकवाला आणि ठसठशीत आकड्यांत '९९९९९९ इन १'. आत मोजकेच गेम निघायचे, तेच पुन्हा पुन्हा नावं बदलून. सुट्टीत पोट्टे कूलरसमोर बसून खेळायचे आणि लाईन गेली की सगळं पहिल्यापासून. त्या कागदावर कंपनीचं नाव नसायचं, चित्रकाराचं नसायचं, सालही नसायचं.

आता 'ड्रॅगन बॉल' घे. आकिरा तोरियामांची ही चित्रकथा १९८४ पासून 'शोनेन जम्प' साप्ताहिकात येत होती. फेब्रुवारी १९८६ मध्ये ती फुजी टीव्हीवर मालिका म्हणून सुरू झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात बंदाई कंपनीने फॅमिकॉमसाठी 'शेनरॉन नो नाझो' हा गेम काढला. ड्रॅगन बॉलच्या त्या काळच्या जपानी मालावर हक्काची जी ठरलेली ओळ असायची, ती अशी: बर्ड स्टुडिओ, शुएइशा, फुजी टीव्ही, तोएई. बर्ड स्टुडिओ हा तोरियामांचा स्वतःचा. शुएइशा प्रकाशक, मग वाहिनी, मग ॲनिमेशन करणारी कंपनी. हा क्रम नीट बघ. ज्याच्या हातून ते पात्र उतरलं, तो पहिला. माझ्या मते खोक्यावरच्या रंगीत चित्राइतकीच ही ओळ मोलाची आहे.

हाच गेम १९८८ मध्ये अमेरिकेत गेला तेव्हा त्याचं 'ड्रॅगन पॉवर' झालं. बुल्मा या पात्राची नोरा झाली, यामचाचा लान्सर.

चित्रकथाकार शिगेरू मिझुकींच्या कितारोचं तर याहून वाईट झालं, आणि ते मला फार लागतं. मिझुकींचा डावा हात दुसऱ्या महायुद्धात राबौलला गेला. पुढे ९३ व्या वर्षी, २०१५ मध्ये ते वारले, तोवरचं सगळं काम त्यांनी एका हाताने केलं. त्यांचा कितारो स्मशानात जन्मलेला, एका डोळ्यावर केस ओढलेला, अंगात पट्ट्यापट्ट्यांची बंडी घालणारा भुताचा पोर. १९८६ मध्ये बंदाईने त्याच्यावर गेम काढला. अमेरिकेत त्याच वर्षी तो 'निंजा किड' या नावाने विकला गेला. आतला खेळ तोच, पण भुताच्या पोराच्या जागी कुणीही एक निंजा. तिथल्या मुलाला कितारो कळला नाही आणि मिझुकीही.

तरी ती ओळ म्हणजे सगळा न्याय, असं मात्र समजू नकोस. 'डकटेल्स' आठवतं का? दूरदर्शनवर रविवारी लागायचं ते. कॅपकॉमने त्यावर केलेला गेम जपानात जानेवारी १९९० मध्ये 'वानपाकू डक्कू युमे बोकेन' या नावाने आला, आणि नकलांच्या वाटेने तो आपल्याकडेही पोचला. काठीवर टुणटुण उड्या मारणारा अंकल स्क्रूज इथल्या पोरांनी टीव्हीमुळे लगेच ओळखला. हा स्क्रूज १९४७ मध्ये कार्ल बार्क्सने निर्माण केला. पण डिस्नेच्या चित्रकथांवर चित्रकाराचं नाव छापायची पद्धतच नव्हती, म्हणून वाचक कित्येक वर्षं त्याला नुसतं 'तो चांगला बदकवाला चित्रकार' म्हणत राहिले. तिथे परवाना चोख होता, हक्कही कायदेशीर होते, आणि तरी माणूस गायब. खुद्द जपानी खोक्यांवरही मुखचित्र काढणाऱ्याचं नाव बहुतेकदा नसेच. आपल्या दिवाळी अंकांच्या मुखपृष्ठांवर कोपऱ्यात चित्रकाराची 'दलाल' ही सही असायची, ती पाहत वाढलेल्याला हे खटकतंच.

म्हणून दोन गोष्टी सांगतो. खोक्यांचे फोटो लावशील तेव्हा खालची कड कापू नकोस. आणि जिथे चित्रकाराचं नाव खात्रीने सापडेल, तिथे ते गेमच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरांत देवनागरीत लिही.

आपल्याकडचे ते चिकटवलेले कागदही प्रदर्शनात घे. त्यांना चोरीचा माल म्हणून बाजूला सारू नकोस. मारिओ आणि बंदूकवाला कुणीतरी कापून शेजारी बसवलेच होते, आकड्यांचा रंग कुणीतरी निवडला होता. जमलं तर एकाच गेमचा जपानी खोका आणि आपली कॅसेट एका काचेत ठेव, 'डकटेल्स'पासून सुरुवात कर. शेजारच्या वाड्यात अजून तीन-चार कॅसेटी आहेत. कुरिअरने पाठवू की दिवाळीला आलीस की नेशील, तेवढं कळव.

तुझा,
दिलीपकाका